संमतीपत्र अहिराणीतही समजवा

महोदय,

मुलांचे जुनाट जुलाब, बद्धकोष्ठता किंवा न जेवण्याच्या तक्रारींवरील वैद्यकीय संशोधनात मुलाचे नाव घालण्याआधी पालकांनी थोडी विचारपूस करावी. औषधाची चाचणी असेल तर ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक मागावा. २००९पासून ही नोंद सक्तीची आहे. संमतीपत्रावर सही पालकाची असली, तरी ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८पर्यंत लेखी होकार घ्यावा, असे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७च्या सूचना सांगतात. माघार कधीही घेता येते, त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. पण नंदुरबारच्या पाड्यांवर हे पुस्तकी मराठीत वाचून दाखवणे म्हणजे न सांगण्यासारखेच. अहिराणी, भिली, पावरीत समजवायला हवे.

खरी गडबड होते ती संशोधनासाठी मुलाचे खाणे, शौच, वजन लिहायच्या घरच्या नोंदवहीत. ‘वाटीभर खाल्ले’ यातून काय कळणार? वाटी १०० मिलीची की २०० मिलीची? मापाचा कप घरी द्यावा. ताटात उरलेले मोजावे, ओकलेले वेगळे लिहावे. शौच कशी झाली हे ब्रिस्टल तक्त्यातल्या ७ चित्रांवर बोट ठेवून सांगता येते, अक्षरओळख लागत नाही. वजन दरवेळी त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. आठवड्याच्या नोंदी रविवारी आठवून भरल्या, तर औषधाचा गुण आला की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते. वही आजीलाही समजावून द्यावी.

– एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)