यूएक्स संशोधनात बीएवाल्यांनाही जागा आहे

संपादक महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत यूएक्सवरचा, म्हणजे यूजर एक्सपिरियन्सवरचा लेख आला, तेव्हापासून राळेगाव तालुक्यातली पोरं मला एकच विचारतात : फिग्मा, म्हणजे अॅपचे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, कुठं शिकायचं? लेखात सॉफ्टवेअरची नावं होती, कोर्सच्या फिया होत्या, पुण्या-बंगळुरूचे पगार होते. लोक एखादं अॅप वापरताना कुठं आणि का अडतात ते शोधणारा संशोधक मात्र एका ओळीत आटोपला. मी तेच काम करते. शिक्षण बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, तेही यवतमाळ जिल्ह्यातच. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम गावातून करते.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात एकर. अॅपवरच्या अर्जात नुसता 'क्षेत्र' असा रकाना आला की पाच एकरवाला 5 टाकून मोकळा होतो. तिथं हेक्टर धरलेलं असेल, तर त्याची जमीन कागदावर बारा एकरांच्या वर जाते. पुण्यातल्या मीटिंगमध्ये हे कुणाला सुचत नाही, शेतकऱ्याच्या पोरीला पाहताक्षणी कळतं. मोबाइलचंही तसंच. फोन आईच्या हातात, बँकेत नंबर पोराचा, आणि पोरगा नागपूरला कामाला. ओटीपी तिकडे जातो. कंपनीच्या हिशेबात तो एक वापरकर्ता असतो; इथं एका व्यवहाराला दोन माणसं लागतात, वर ओटीपी विचारायला एक फोन करावा लागतो.

रविवारी वाचनालयात काही मुलंमुली माझ्याकडे शिकायला बसतात. त्यांची पहिली खोड मोडावी लागते ती मदत करण्याची. अॅपची चाचणी घेताना काकू अडल्या की पोराचं बोट आपोआप पुढं जातं, 'ते हिरवं दाबा ना जी.' झालं, चाचणी संपली. दुसरी खोड मत विचारण्याची. 'अॅप कसं वाटलं?' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'चांगलं आहे जी.' दारात आलेल्या पाहुण्याला वाईट कोण सांगणार? त्यापेक्षा काम द्यावं : 'मागचा हप्ता जमा झाला का, पाहून सांगता काकू?' आणि गप्प बसावं. गप्प बसणं शिकवायलाच सगळ्यांत जास्त वेळ जातो. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेतलेल्यांना तर फारच. नोंद समोरच्या माणसाच्याच बोलीत घ्यायची. 'मले भेव लागते, पैसे कटतीन' असं म्हणाल्या तर तेच लिहायचं. 'आत्मविश्वासाचा अभाव' हे आपलं मत. ते वहीच्या दुसऱ्या बाजूला.

पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी सापडतात, असं या क्षेत्रातले नावाजलेले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये लिहिलं. प्रत्येक नवशिक्याला ते पाठ असतं. गट वेगळा असेल तर माणसंही वेगळी घ्यावी लागतात, हा पुढचा भाग कुणी पाठ करत नाही. राळेगावातल्या पाच दुकानदारांवरून झरी-जामणीच्या कोलाम पोडावरचं, म्हणजे आदिवासी वस्तीवरचं, काही कळत नाही.

मानधनाचंही बोललं पाहिजे. कापूस वेचाई किलोवर असते. तासभर मुलाखतीला बसवलं तर तेवढी मजुरी बुडते. एका कंपनीनं त्याबदल्यात ऑनलाइन खरेदीचं कूपन पाठवलं होतं! ज्यांना अॅप उघडता येत नाही म्हणून आपण गेलो, त्यांनाच कूपन उघडायला लावायचं. मी नव्यांना सांगते, रोख किंवा थेट खात्यात, नाहीतर मुलाखत नाही. परवानगीचंही तेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीतूनही वाचायला मिळण्याची तरतूद आहे, तरी रेकॉर्डिंगसाठी सह्या इंग्रजी कागदावर घेतल्या जाताना मी पाहते.

नोकऱ्या मुबलक आहेत असं मी म्हणणार नाही. नवख्यांसाठीच्या जागा थोड्या, आणि पोलीस भरतीची तयारी सोडून इकडे या असं मी कुणालाही सांगत नाही. पण बीए, बीएसडब्ल्यू झालेल्यांनी दार बंद समजू नये. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं शिक्षण देणारं केंद्र 1969 पासून आहे, तिथल्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठीची सीड ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते; प्रवेशाच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या आधी पाहून घ्याव्यात. तेवढी ऐपत वा तयारी नसेल, तर नामांकित अॅपचे स्क्रीन नव्यानं रंगवून पोर्टफोलिओत घालण्यापेक्षा गावातल्या सेवा केंद्रात परवानगी घेऊन बसावं, कोण कुठल्या रकान्यावर थांबतं ते टिपावं आणि चार पानांत लिहावं. समाजकार्याच्या कॉलेजांत क्षेत्रकार्य असतंच, त्यातच हे बसतं.

आणखी एक. बाहेरच्या कंपन्या इथं येतात, तेव्हा गावचा एखादा पोरगा दुभाषी म्हणून दिवसभर फिरवतात. कोणाच्या घरी कधी जावं, कोणासमोर सून बोलणार नाही, हे तोच सांगतो. अहवालात त्याचं नाव नसतं, त्यामुळं पुढच्या नोकरीला दाखवायला हाती काही राहत नाही. पुढची पुरवणी काढाल तेव्हा फियांचा तक्ता जरा आखडता घ्या आणि अशा दोघा-तिघांच्या मुलाखती छापा. माणसं मी सुचवते.

— एक यूएक्स संशोधक, राळेगाव, जि. यवतमाळ