डुकराला मोत्या म्हणणाऱ्याकडून, मावशींना

मावशी,

तुमचं मला आलेलं पहिलं वाक्य होतं, "डुकराला मोत्या?" इंग्रजी अक्षरांतलं मराठी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या युरोपातल्या सर्व्हरवर, आणि तेही वेलिंग कॅव्हर्न्स नावाच्या गुहेच्या तोंडाशी. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, गुहेत आपलं माणूस भेटलं.

काल रात्री माझा हंटर, म्हणजे गेममधलं माझं शिकारी पात्र, साठाव्या लेव्हलला पोचला. फ्रेंड लिस्टमध्ये तुमचं नाव करड्या रंगात होतं, म्हणजे तुम्ही ऑनलाइन नव्हता, म्हणून हे पत्र. चॅटच्या एका ओळीत मावणारं हे नाहीच.

२०१९च्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक आला, मी शिरलो दिवाळीच्या सुट्टीत. ऑर्क हंटर घेतला, कारण जो तो सांगत होता की एकट्याने लेव्हल वाढवायला याच्याइतकं सोपं काही नाही. पेट, म्हणजे आपलं पाळीव जनावर, मार खातो, आपण लांबून बाण मारायचे. दहाव्या लेव्हलला रेझर हिल गावातला थोतार तीन जनावरं माणसाळवायला लावतो: रानडुक्कर, खेकडा आणि विंचू. मग राजधानी ऑर्ग्रिमारची वारी, आणि त्यानंतर हवं ते जनावर आपलं. मला बाहेर पडल्यावर पहिलं दिसलं ते डुक्कर. वीस सेकंद ते ढुशा देत होतं, माझं चिलखत असून नसल्यासारखं, मी आपला हात पुढे करून उभा. शेवटी ते आलं. आमच्या घरी लहानपणी मोत्या नावाचा कुत्रा होता, तेच नाव टाकून मोकळा झालो. नाव एकदाच ठेवता येतं हे नंतर कळलं.

आता ती रात्र. मी एकोणीसचा, तुम्ही त्या दिवशी प्रीस्ट, म्हणजे जखमा भरणारं पात्र, घेऊन आलेल्या. मोत्याचं ग्राउल, म्हणजे शत्रूला स्वतःकडे खेचणारं गुरगुरणं, चालूच होतं, त्यामुळे प्रत्येक राक्षस टँकला, म्हणजे सगळ्यांचा मार अंगावर घेणाऱ्या खेळाडूला, सोडून त्याच्याकडे धावायचा आणि बिचारा टँक दर वेळी मागून पळायचा. तो दोनदा काहीतरी बोलला. मला वाटलं, कौतुक करतोय. मग गुहेतली ती जागा आली, जिथे उडी मारून पलीकडे जावं लागतं. तुम्ही चौघे पलीकडे गेलात, मीही गेलो. मोत्याला उडी मारता येत नाही. त्याने आपला रस्ता शोधला, गुहेला पूर्ण वळसा घालून, आणि अर्ध्या मिनिटाने आमच्याकडे आला तो मागे राक्षसांची अख्खी वरात घेऊनच.

पाचही जण मेलो. मग जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. एक गेला, दुसरा गेला, टँक शेवटची शिवी टाइप करून गेला. भूत होऊन स्मशानातून परत धावताना मी ठरवलं होतं, हा कॅरेक्टर डिलीट. तेवढ्यात तुमचं वाक्य: "पेटचा काय दोष? गर्दीत कुत्र्याला मोकळं सोडतं का कोणी? क्रॉसरोड्सला थांब. कुकर लावून येते."

आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा, तुमच्याकडे इंग्लंडात संध्याकाळचे सहा. तीन शिट्ट्या होईपर्यंत मी क्रॉसरोड्स गावात, विंड रायडर या उडत्या सवाऱ्यांच्या थांब्यापाशी बसून होतो. मग तुम्ही आलात ते हंटर घेऊन, साठाची ट्रोल बाई, आणि मला बॅरेन्सच्या माळरानात झेवऱ्यांपुढे, म्हणजे तिथल्या झेब्र्यासारख्या जनावरांपुढे, उभं केलंत.

पहिला धडा अगदीच साधा होता आणि मी एकोणीस लेव्हल तो न शिकता काढल्या होत्या. पेटला पाठव. थांब. ग्राउल बसू दे. मग सर्पंट स्टिंग हा विषारी बाण, मग साधे बाण. मी पेटच्या आधीच बाण सोडायचो, जनावर माझ्या अंगावर यायचं, आणि मग ते पाच ते आठ यार्डांतलं अंतर, जिथून बाण सुटत नाही आणि कुऱ्हाडही पोचत नाही. तुम्ही त्याला त्रिशंकू म्हणालात. मी आजही तिथे अडकलो की मनात तेच म्हणतो, शत्रूची चाल मंदावणारा विंग क्लिप मारतो आणि मागे सरकतो.

दुसरा धडा जेवणाचा. मोत्याच्या चित्राशेजारी लाल चेहरा होता. मला वाटलं, डुक्कर म्हणजे असंच दिसणार. तुम्ही लिहिलंत, "अरे, उपाशी आहे तो." लाल चेहऱ्याचा पेट पाऊणच मार देतो, पिवळा पूर्ण, आणि हिरवा सव्वापट. म्हणजे माझी गाडी इतके दिवस हँडब्रेक ओढून चालली होती. आणि असाच ठेवला असता तर एक दिवस सोडूनही गेला असता, हे तुम्ही शेवटी सांगितलंत, मी पाव टाकून झाल्यावर. डुक्कर काहीही खातं, पाव, चीज, फळं, अळंबी, मासे, मटण, ही त्यातल्या त्यात माझी नशिबाची बाजू. मांजर घेतली असती तर फक्त मांस-मासे, आणि मी तिला केळी दाखवत बसलो असतो.

त्यात माझे बाण संपले. २०० चा गठ्ठा, आणि मी मोजलाच नव्हता. पैसेही नव्हते, सगळे कसल्याशा कुऱ्हाडीत घालवलेले. तुम्ही काही न बोलता दुकानातून एक गठ्ठा घेऊन ट्रेडच्या खिडकीत ठेवलात.

पेटला बाइट, म्हणजे चावा, शिकवण्याचा प्रकार मात्र मला अजून थोडा क्रूर वाटतो. आपला पेट तबेल्यात ठेवायचा, ज्याला ती वरची रँक येते असं रानटी जनावर पकडायचं, ते चावताना बघून बघून आपण शिकायचं, मग त्याला सोडून द्यायचं आणि विद्या घरच्याला द्यायची. तुम्ही म्हणालात, "शिकवणीच्या मास्तरांना घरी ठेवून घेतो का आपण?" ठीक आहे. पण त्या लांडग्याला सोडल्यावर मी दोन मिनिटं उगीच तिथेच थांबलो.

नंतरही तुम्ही अधूनमधून डोकावत राहिलात. तिसाव्या लेव्हलला फेन डेथ आल्यावर मी दर संकटात मरायचं सोंग घ्यायला लागलो, तेव्हा "आणि मोत्या? त्याला कोण वाचवणार?" असं खडसावलंत. सदतिसाव्याला तुम्ही मला बॅडलँड्समध्ये ब्रोकन टूथ नावाच्या दुर्मिळ रानमांजरीच्या मागे लावलंत, कारण सेकंदाला एक पंजा मारणारी दुसरी मांजर नाही आणि जादूगारांना ती मंत्र पुरा करू देत नाही. चार रात्री गेल्या. तीन वेळा माझ्या आधी कोणीतरी पोचलं, एकदा लाइट गेली. पाचव्या रात्री मिळाली.

मावशी, ती तबेल्यात आहे. तिला मी युद्धाच्या मैदानातच काढतो. साठापर्यंत माझ्याबरोबर मोत्याच चालत आला, आणि त्याच्या पानावर बेस्ट फ्रेंड, म्हणजे निष्ठेची सगळ्यात वरची पायरी, लिहून आलंय त्यालाही बराच काळ झाला. मांजर जास्त मारते हे आकड्यांनी पटतं, तुम्ही तीनदा पटवलंतही. एवढं एक तुमचं ऐकलं नाही.

परवा पुन्हा वेलिंग कॅव्हर्न्सला गेलो होतो, आमच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, एका नव्या पोराला घेऊन. उडीच्या आधी मी पेटला तात्पुरतं घालवणारं डिसमिस पेट दाबलं, पलीकडे गेलो, हाक मारली. मोत्या माझ्या पायाशी उगवला, एकटा. वरात नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तुम्ही आलात की दाखवतो.

आणि मेलबॉक्स उघडून बघा. २०० बाण आहेत, त्या रात्रीचे उसने. तेव्हाचे साधे होते, आता तुम्हाला ते काय कामाचे, म्हणून जॅग्ड, म्हणजे त्याहून भारी, घेतलेत.

तुमचा,
मोत्यावाला