सवलत दहावीला, अडचण तिसरीपासून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षे शिकवले. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगायचा. लिहायला बसला की मात्र ‘घर’चे ‘धर’ व्हायचे, ‘भात’चे ‘मात’, आणि जोडाक्षर आले की हातच थांबायचा. मी त्याला कामचुकार म्हटले. चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावले. पाचवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे एका प्रशिक्षणात अध्ययन अक्षमतेविषयी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीविषयी ऐकले, तेव्हा तोच डोळ्यांसमोर आला. ती खंत अजून गेलेली नाही.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. ते हवेच. पण ‘मला काहीच येत नाही’ हे त्या मुलाच्या मनात तिसरी-चौथीतच पक्के बसते, आणि प्रमाणपत्राची धावपळ मी पाहिली ती नववी-दहावीत. सरकारी रुग्णालयाच्या प्रत्येक खेपेला शेतमजूर आईबापांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

वर्गात करण्यासारख्या गोष्टींना तर प्रमाणपत्र लागतही नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचे उत्तर तोंडी घ्यावे. फळ्यावरचे सगळे उतरवायला न लावता मजकूर वहीत आयता द्यावा. वर्गासमोर मोठ्याने वाचायला अचानक उभे करू नये, आदल्या दिवशी तो उतारा घरी वाचायला द्यावा. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी परिसर अभ्यासाचे गुण कापू नयेत. त्या मुलाला पाऊस कसा पडतो हे नीट माहीत होते. मी त्याच्या वेलांट्या मोजत बसले.

तरीही चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे सगळे झेपत नाही, हे मी अनुभवाने सांगते. प्राथमिक स्तरावर अशा दर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे केंद्र सरकारने 2022 मध्येच ठरवून दिले आहे. आमच्या भागातले फिरते विशेष शिक्षक मनापासून काम करतात, पण एकाकडे इतक्या शाळा की एका मुलाजवळ ते पुन्हा कधी बसणार, हे त्यांनाही सांगता येत नाही. शिक्षण विभागाने ही पदे भरावीत. तोवर निदान प्रत्येक शाळेसाठी त्यांचा वार ठरवावा आणि तो दर्शनी फलकावर लिहावा, म्हणजे आईबापांना त्या दिवशी शाळेत येऊन त्यांच्याशी बोलता येईल.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा