बाबांच्या हाताची नस

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन महिने झाले तरी बोटं बधिरच आहेत, आता जोर लावून ताणतोच." तेव्हापासून मला चैन नाही.

मनगटाशी कापलेली नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना नेणारी चेता) शिवली, तरी तार जोडल्यासारखी ती लगेच चालू होत नाही. टाक्याच्या पुढचे जुने तंतू मरतात, त्यांच्या नळ्या तेवढ्या उरतात. त्या नळ्यांमधून नवे तंतू पुढे सरकतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाचं टोक १८ सेंटीमीटरवर धरलं, तरी सहा महिने नुसत्या वाटचालीचे.

वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला पंजासारखा भाग असतो. तो समोरच्या पेशींना धरतो आणि मागच्या तंतूला ओढून घेतो. १९८४ मध्ये शास्त्रज्ञ डेनिस ब्रे यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींचे तंतू काचेच्या बारीक सुईने हळूहळू ओढले, तर ते तुटले नाहीत, खरोखर लांब होत गेले. मी पाळण्यात होते तेव्हा माझ्या पायांतले तंतू केवढेसे असतील! हाडं वाढली, त्यांनी तंतूंना ओढलं, आणि तेही वाढले. हे आठवलं की मला आजही भरून येतं.

म्हणजे ओढ हवीच, पण अशी सावकाश. नस तिच्या लांबीच्या १५ टक्क्यांच्या आसपास ताणली गेली, की तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधलं रक्त वाहायचं थांबतं, हे सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. सर्जन ताण न देता टाके घालतात आणि नंतर मनगट वाकवून बांधून ठेवतात, ते याचसाठी. हात अजिबात न हलवणंही बरं नाही, नस आजूबाजूच्या व्रणाला चिकटून बसते. थेरपिस्टने दाखवलेल्या हालचाली तेवढ्याच करा, एकही जास्त नको.

आई, त्या हाताने त्यांना गरम भांडं उचलू देऊ नकोस, चटका बसलेला कळणार नाही. आणि पुढच्या तपासणीत डॉक्टर नसेवर टिचकी मारतील. जिथे मारल्यावर बोटांत मुंग्या येतात, तिथवर नवे तंतू पोचले असं समजायचं; तिथे पेनाने खूण कर आणि मला फोटो पाठव. मागच्या वेळी ती जागा मनगटाच्या घडीवर होती. आता ती तळहातात किती पुढे सरकली, ते मला पाहायचं आहे.

तुमची,
ताई