संघ गाव सोडून गेला, तर पोरं कुणाची?

सॉल्ट लेक सिटी, युटा
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, ॲरिझोनाचा आइस हॉकीचा संघ उचलून इथं युटात आणला, तर तिथं निवडून ठेवलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं कुणाची झाली, हे तुम्ही फोनवर विचारलंत. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. नुसतं उत्तरच हवं असेल तर पोरं यादीची, यादी मालकाची, आणि गावाच्या हाती काही नाही. त्यातलं शेवटचं मला फार लागतं, कारण ती यादी गावानं हार सोसून मिळवलेली असते. ते कसं, हेच नीट लिहिते.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते बघा. आयपीएलसारखा पैशांचा लिलाव इथं नसतो. नॅशनल हॉकी लीगमध्ये 32 संघ आहेत. दर जूनमध्ये सात फेऱ्या होतात आणि साधारण 224 पोरं निवडली जातात. तळाच्या 16 संघांत पहिल्या पाळ्यांसाठी सोडत निघते, पण पाळीचा क्रम मुळात उलटा असतो. जो जास्त हरला, तो आधी निवडणार. म्हणजे वाईट हंगामाची भरपाई म्हणून चांगलं पोर मिळतं.

पण निवडलं म्हणजे करार झाला असं नाही. आपल्याकडच्या उसाच्या नोंदीसारखं समजा. ऊस अजून शेतातच उभा आहे, पण नोंद एका कारखान्याकडे आहे, तो दुसऱ्यानं तोडायचा नाही. तसंच हे पोर कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये, अमेरिकेतल्या कॉलेजात नाहीतर युरोपातल्या क्लबात खेळत राहतं, आणि त्याच्याशी करार करायचा हक्क एकाच संघाकडे असतो. नोंदीला मुदत असते. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या पोराला पुढच्या 1 जूनच्या आत रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो आणि त्याच्या पुढच्या 1 जूनपर्यंत सही घ्यावी लागते. नाही घेतली, तर वयात बसत असेल तर ते पुन्हा ड्राफ्टमध्ये जातं, नाहीतर मोकळं होतं. युरोपातल्या पोरावर चार वर्षं हक्क राहतो. रशियाशी खेळाडूंच्या देवाणघेवाणीचा करार नसल्यानं तिथल्या पोरावरचा हक्क सुटतच नाही. कॉलेजातल्या पोरावरचा हक्क शिक्षण संपेपर्यंत, आणि चार वर्षांनी पदवी घेणाऱ्याच्या बाबतीत त्या वर्षाच्या 15 ऑगस्टपर्यंत. हे आजचे नियम झाले. सप्टेंबर 2026 पासून मालक आणि खेळाडू यांच्यातला नवा करार लागू होईल.

वेळेत तोड दिली नाही तर ऊस हातचा जातो, तसं इथंही घडतं. 2004 मध्ये फिनिक्सनं, म्हणजे याच ॲरिझोनाच्या संघानं, ब्लेक व्हीलरला 5 व्या क्रमांकावर निवडलं. तो मिनेसोटा विद्यापीठात खेळत राहिला, फिनिक्सशी त्यानं सही केलीच नाही आणि 2008 मध्ये मोकळा होऊन बोस्टनला गेला. पहिल्या फेरीतलं पोर असं सुटलं तर संघाला दुसऱ्या फेरीत एक जादा पाळी देतात, पण पाचव्या क्रमांकाच्या पोराची ती भरपाई होत नाही. पुढं व्हीलर अटलांटात गेला, 2011 मध्ये अटलांटाचाच संघ विनिपेगला हलवला, आणि 2016 पासून व्हीलर विनिपेगचा कर्णधार झाला. ज्या फिनिक्सनं त्याला आधी निवडलं होतं, तो संघ 1996 पर्यंत विनिपेगचाच होता.

आता ॲरिझोनाचा संघ खड्ड्यात का गेला ते सांगते. सगळ्यात मोठं कारण जागा. 1996 मध्ये संघ विनिपेगहून फिनिक्सला आला तेव्हा त्याला बास्केटबॉलसाठी बांधलेलं स्टेडियम मिळालं. बास्केटबॉलचं कोर्ट 94 बाय 50 फुटांचं, हॉकीचा रिंक 200 बाय 85 फुटांचा. जादा लांबी खुर्च्यांखालूनच काढावी लागते. मग एका टोकाच्या वरच्या खुर्च्यांवरून जवळचा गोलच दिसत नाही, अशी तिकिटं स्वस्तात काढावी लागतात. डिसेंबर 2003 मध्ये संघ ग्लेनडेलच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. खास हॉकीसाठी बांधलेलं, चांगलं होतं, पण ते शहराच्या पश्चिम टोकाला, आणि हंगामाची तिकिटं घेणारी माणसं पूर्वेला स्कॉट्सडेलकडे. आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर एवढं अंतर तोडून कोण जाणार?

2009 मध्ये मालकानं दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्लॅकबेरीवाले जिम बाल्सिली 21.25 कोटी डॉलर देऊन संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला न्यायला तयार होते. न्यायालयानं ते नाकारलं. संघ कुठं बसवायचा हे लीगची सभासद मंडळी ठरवणार, सगळ्यात मोठी बोली लावणारा नव्हे. शेवटी लीगनंच 14 कोटी डॉलरला संघ घेतला आणि 2013 पर्यंत चालवला. 2015 मध्ये ग्लेनडेलच्या नगर परिषदेनं नव्या मालकांबरोबरचा 15 वर्षांचा करार मोडला. त्यानंतर छोट्या मुदतीच्या करारांवर दिवस काढले, आणि तेही 2022 ला संपले. मग व्यावसायिक संघ ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिंकवर खेळायला लागला. तिथं साधारण 4,600 माणसं बसत. इतर संघांच्या स्टेडियममध्ये याच्या तिप्पट-चौपट बसतात, आणि या खेळाची कमाई टीव्हीपेक्षा दारावरच्या तिकिटावर जास्त अवलंबून असते.

अशा संघानं जगायचं कसं, हे ड्राफ्टच्या हिशोबातून कळतं. लीगमध्ये पगाराला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. 2016-17 च्या हंगामात वरची 7.3 कोटी डॉलर आणि खालची 5.4 कोटी होती. गरीब संघाला खालची मर्यादा गाठणंही जड जातं. पण पावेल दात्सुक डेट्रॉइट सोडून रशियाला परतला तेव्हा एक वाट निघाली. त्याचा करार पस्तिशीनंतरचा असल्यानं खेळाडू निघून गेला तरी 75 लाख डॉलर डेट्रॉइटच्या हिशोबात धरले जाणार होते. रोख पगार मात्र कुणालाच द्यावा लागत नव्हता. ॲरिझोनानं तो करार आपल्या अंगावर घेतला. खर्च शून्य आणि किमान मर्यादेला 75 लाखांचा हातभार. बदल्यात 2016 च्या ड्राफ्टमध्ये 20 व्या क्रमांकावरून 16 व्या क्रमांकावर सरकायला मिळालं. त्या पाळीवर त्यांनी जेकब चिकरन हा बचावपटू घेतला. 2023 च्या मार्चमध्ये चिकरन ओटावाला देऊन त्यांची पहिल्या फेरीची पाळी घेतली. ती 12 वी निघाली आणि तिच्यावर दानिल बुत हा रशियन पोरगा निवडला. त्याच वेळी स्वतःच्या 6 व्या पाळीवर त्याचाच जोडीदार, दिमित्री सिमाशेव, घेतला. दोघं यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्ह क्लबात खेळत होते. ॲरिझोनाच्या जर्सीत दोघांपैकी एकही कधी उतरला नाही. 2025 मध्ये दोघांनी सही केली ती युटाशी.

हे बारकाईनं लिहिलं, कारण असे व्यवहार तिथं एक-दोनदा झाले नाहीत. ख्रिस प्राँगरचा करार त्यांनी घेतला तेव्हा प्राँगर खेळणं सोडून लीगच्याच कार्यालयात काम करत होता. मारियन होसाचाही घेतला. दुसऱ्यांचे मेलेले करार घेऊन त्यावर कोवळी रोपं मिळवायची, असा तो उद्योग होता. व्यवस्थापकांनी हुशारीनं केलं यात शंका नाही. पण त्या वर्षांत संघ हरत होता आणि फिनिक्सची माणसं तिकीट काढून तो पराभव बघत होती, पुढं ही पोरं आपल्याकडे खेळतील या भरवशावर.

16 मे 2023 ला फिनिक्सजवळच्या टेम्पी शहराच्या मतदारांनी नव्या स्टेडियमचे तिन्ही प्रस्ताव फेटाळले. जुन्या कचरा डेपोच्या 46 एकरांवर 210 कोटी डॉलरचा प्रकल्प होणार होता. तिथून पुढं वर्षभरातच संपलं. 17 एप्रिल 2024 ला शेवटचा सामना झाला. एडमंटनविरुद्ध 5-2 नं जिंकला. दुसऱ्या दिवशी लीगच्या मंडळानं मंजुरी दिली. युटाचे उद्योजक रायन स्मिथ यांच्या कंपनीनं 120 कोटी डॉलर मोजले. त्यातले 100 कोटी ॲरिझोनाच्या मालकाला, 20 कोटी बाकीच्या मालकांत वाटले.

आता या व्यवहाराचा कागद बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कागदावर संघ हललाच नाही. युटाला नवी फ्रँचायझी दिली आणि ॲरिझोनाच्या फ्रँचायझीकडून तिच्याकडे हॉकीची सगळी मालमत्ता वर्ग केली. म्हणजे खेळाडूंचे करार, राखीव यादी, पुढच्या ड्राफ्टच्या पाळ्या आणि हॉकीचा सगळा विभाग. राखीव यादी म्हणजे ज्यांच्यावर संघाचा हक्क आहे अशी सगळी नावं. त्यात 90 पर्यंत नावं असतात, पैकी करार झालेली जास्तीत जास्त 50. मागं ॲरिझोनात काय राहिलं? नाव, बोधचिन्ह आणि विक्रमांचं दप्तर. सातबारा तोच राहिला, पण जमिनीवरचं उभं पीक गेलं. मालकानं पाच वर्षांत स्टेडियम बांधून 100 कोटी परत केले तर फ्रँचायझी पुन्हा जिवंत होणार होती. जूनमध्ये सरकारी जमिनीचा लिलाव रद्द झाला आणि त्यानं तो हक्कही सोडला.

28 जून 2024 ला लास व्हेगासला ड्राफ्ट झाला. ॲरिझोना 6 व्या पाळीची मानकरी होती. त्या पाळीवर टिज इगिन्ला निवडला गेला आणि मंचावर जर्सी दिली गेली युटाची. ऑक्टोबरमध्ये युटाच्या इतिहासातला पहिला गोल केला डिलन गुंथरनं. तोही ॲरिझोनानं 2021 मध्ये 9 व्या क्रमांकावर निवडलेला.

आपल्याकडे पुणे वॉरियर्स 2013 मध्ये बंद पडला तेव्हा खेळाडू पुढच्या लिलावात गेले आणि दहा ठिकाणी पांगले. इथं लीग तसं होऊ देत नाही, कारण यादीच विकत घेणाऱ्याला सगळ्यात मोलाची असते. आणि कोल्हापूरच्या तालमीचा फुटबॉल संघ पेठेचा, तो कुणी विकत घेऊन साताऱ्याला नेऊ शकत नाही. इथल्या व्यवस्थेत पेठेसाठी रकानाच नाही.

क्युबेकचं उदाहरण याहून कडू आहे. 1991 मध्ये त्यांनी एरिक लिंड्रॉसला पहिल्या क्रमांकावर निवडलं. तो त्यांच्याकडे खेळायला आलाच नाही. वर्षभरानं त्याचा हक्क त्यांनी दोन संघांना एकाच वेळी विकल्यासारखं झालं, लवाद बसला आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूनं लागला. क्युबेकला दीड कोटी डॉलर, खेळाडूंचा ताफा, पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या आणि पीटर फोर्सबर्गचा हक्क मिळाला. फोर्सबर्ग तेव्हा स्वीडनमध्ये होता. तो क्युबेकसाठी एकच हंगाम खेळला. 1995 मध्ये कॅनडाचा डॉलर पडलेला, जुनं स्टेडियम आणि सरकारी मदत नाही, म्हणून संघ 7.5 कोटी डॉलरला विकला आणि डेन्व्हरला गेला. त्या व्यवहारातल्या एका पाळीवर निवडलेला गोलरक्षक देऊन डेन्व्हरनं पॅट्रिक रॉय हा नावाजलेला गोलरक्षक आणला, आणि 1996 च्या जूनमध्ये पहिल्याच वर्षी स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. क्युबेकमध्ये 2015 पासून 18,000 माणसांचं नवं स्टेडियम उभं आहे. लीगचा संघ तिथं अजून आलेला नाही.

एक बाप-लेक मात्र तुम्ही लक्षात ठेवा. शेन डोनला विनिपेगनं 1995 मध्ये 7 व्या क्रमांकावर निवडलं. वर्षभरात संघ फिनिक्सला गेला, त्याच्याबरोबर तोही गेला आणि 2017 पर्यंत तिथंच खेळला. त्याचा मुलगा जॉश, ॲरिझोनानं 2021 मध्ये 37 व्या क्रमांकावर निवडलेला. 2020 च्या ऑगस्टमध्ये लीगनं ॲरिझोनाची स्वतःची 2021 ची पहिल्या फेरीची पाळी काढून घेतली होती (गुंथरवरची पाळी दुसऱ्या संघाकडून आलेली होती), निवडीआधीच पोरांच्या शारीरिक चाचण्या घेतल्याबद्दल. जॉशनं मार्च 2024 मध्ये पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. तीन आठवड्यांनी बापासारखंच त्याचं नाव यादीबरोबर दुसऱ्या गावी गेलं, आणि 2025 च्या जूनमध्ये युटानं त्याला बफेलोला दिलं.

फिनिक्सला पुन्हा हॉकी यायची असेल तर कोऱ्या यादीनंच सुरुवात करावी लागेल. नव्या संघाची फी व्हेगासला 50 कोटी डॉलर पडली, सिॲटलला 65 कोटी. आणि इतर संघांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंतूनच प्रत्येक संघाचा एकेक घ्यायचा.

गळीत हंगाम सुरू झाला असेल. आपल्या उसाला तोड कधी मिळाली ते कळवा. मामींना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुमची भाची