पाच वर्षांचे ‘इंटरनॅशनल लायसन्स’ नसतेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत परदेशात स्वतः गाडी चालवत फिरण्यावर पानभर लेख होता. फोटो सुरेख, रस्ते सुरेख, कुठे काय खावे तेही सांगितले होते. लायसन्सबद्दल मात्र एकच वाक्य : ‘इंटरनॅशनल लायसन्स आता ऑनलाइन चटकन मिळते.’ अशाच एका वाक्यावर विसंबून आमच्या घरचे तीन दिवस आणि बरेच पैसे गेले, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मागच्या ऑक्टोबरात लेक, जावई आणि पाच वर्षांचा नातू यांच्याबरोबर मी जपानला गेले होते. टोकियो आणि क्योटो रेल्वेने, शेवटचे तीन दिवस होक्काइदो बेटावर भाड्याची गाडी, असा बेत. सगळी आरक्षणे जावयांनी सहा महिने आधी केली होती. लायसन्सही त्यांनीच काढले. एका संकेतस्थळावर फोटो आणि ठाण्याच्या लायसन्सची प्रत चढवली, चार-साडेचार हजार भरले आणि आठवड्याभरात कुरियरने एक चकचकीत कार्ड घरी आले. त्यावर पृथ्वीचा गोल, सोनेरी अक्षरे आणि मुदत पाच वर्षांची. “आई, बघा, पाच वर्षं बघायला नको आता,” म्हणत त्यांनी ते माझ्या हातात दिले. पस्तीस वर्षे बँकेत सह्या पडताळण्यात घालवलेली मी! पण कार्डावर ते देणाऱ्या सरकारचे नावच नाही, हे माझ्याही नजरेतून सुटले.

सापोरोजवळच्या न्यू चितोसे विमानतळावर गाडी देणाऱ्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, ठाण्याचे लायसन्स घेतले, ते कार्ड घेतले. कार्ड उलटसुलट करून पाहिले. मग खालच्या खणातून लॅमिनेट केलेला एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्यावर खऱ्या परवान्याच्या पुस्तिकेचे चित्र होते आणि एका तारखेभोवती लाल गोल केलेला : १९ सप्टेंबर १९४९. त्या तारखेवर बोट ठेवून तिने आमचे कार्ड पुढे सरकवले. ही तारीख यात कुठे आहे, दाखवा. ती कुठेच नव्हती. मुलगी वाकून ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, म्हणाली. जावई काही बोलले की ती पुन्हा वाकायची. तिचा आवाज एकदाही चढला नाही आणि गाडीची किल्लीही काउंटरवर आली नाही. नातवासाठी सांगून ठेवलेली लहान मुलांची सीट मात्र गाडीत बसवून तयार होती. जपानमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला ती सक्तीची आहे, तेवढे आम्ही न चुकता वाचले होते!

ती तारीख आहे जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतूक कराराची. भारत या करारात आहे, जपानही आहे. या कराराप्रमाणे जे मिळते ते ‘लायसन्स’ नव्हेच, ते ‘परमिट’. आपल्या मूळ लायसन्सचा परक्या देशाला कळेल असा दाखला, एवढाच त्याचा अर्थ. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. म्हणजे तीन, पाच किंवा दहा वर्षांचे कार्ड कोणी विकत असेल तर पुढे काही विचारायचीच गरज नाही. शिवाय हे परमिट ज्या देशाचे लायसन्स, त्याच देशाने द्यायचे असते. त्यामुळे जपानमध्ये बसून आम्हाला ते मिळणे शक्य नव्हते. (आधी काढलेल्या परमिटची मुदत परदेशात असताना संपली, तर भारतीय दूतावासामार्फत नव्याने अर्ज करता येतो. ही सोय जानेवारी २०२१ पासून झाली आहे. आमच्याकडे मुळात परमिटच नव्हते.)

परत आल्यावर मी स्वतःसाठी खरे परमिट काढले. मुलगा अमेरिकेत आहे आणि एकसष्टाव्या वर्षीही गाडी मीच चालवते. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज, नमुना ४ए, शुल्क एक हजार रुपये. म्हणजे बनावट कार्डाच्या पाव किमतीत अस्सल कागद! अर्ज करताना व्हिसा आणि वैद्यकीय दाखला दाखवण्याची अटही २०२१ मध्ये काढून टाकली आहे. पूर्वी प्रत्येक राज्याचे परमिट वेगळ्या आकाराचे, वेगळ्या रंगाचे असे आणि परदेशात त्यावरून खळखळ होई. २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना झाला, त्यावर मूळ लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोडही आला. हे सगळे सरकारने केले आहे. ते आपल्या पुरवणीत यायला नको का?

आणखी एक. परमिट हातात असले तरी मूळ प्लास्टिकचे लायसन्स बरोबर लागतेच. डिजिलॉकरमधली प्रत ठाण्याच्या तीन हात नाक्यावर चालते, परदेशातल्या काउंटरवर चालेल या भरवशावर राहू नये.

परमिटवर वाहनाचा वर्ग लिहिलेला असतो, तिकडे तर कोणाचेच लक्ष नसते. आमच्या सोसायटीतली तरुण मुले थायलंडला जातात आणि उतरल्या उतरल्या स्कूटर भाड्याने घेतात. लायसन्स असते फक्त चारचाकीचे. स्कूटर देणारा काही विचारत नाही, त्याला भाड्याशी मतलब. पण घसरून हात मोडला की प्रवासविम्याची कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की दुचाकीचा परवाना होता का. व्हिएतनामचे दुखणे वेगळेच. तो देश १९६८ च्या व्हिएन्ना कराराचे परमिट मानतो, आपले १९४९ चे. त्यामुळे रीतसर आरटीओतून काढलेले परमिटही तिथे कामाचे नाही. चीनच्या मुख्य भूमीवर तर कुठलेच आंतरराष्ट्रीय परमिट चालत नाही. श्रीलंका एवढी जवळ, तरी तिथेही आपल्या परमिटवर स्थानिक मान्यता घ्यावी लागते. देश बदलला की चौकशी नव्याने करायची, दुसरा उपाय नाही.

गाडी न मिळाल्याने होक्काइदोत आम्ही तीन दिवस एसटीसारखे बसने फिरलो. मला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, त्यामुळे माझे शिक्षण झाले. एका गावाबाहेर रेल्वेचे रूळ आडवे आले. फाटक उघडे, दोन्ही बाजूंना दूरवर शेते, रेल्वेगाडीचा मागमूस नाही. तरी बस पूर्ण थांबली. ड्रायव्हरने पांढरा हातमोजा घातलेले बोट उजवीकडे दाखवले, डावीकडे दाखवले, तोंडाने काहीतरी पुटपुटला आणि मगच बस पुढे काढली. मला वाटले बसपुरता नियम असेल. पण नाही, फाटकापुढे थांबण्याचा कायदा तिथे प्रत्येक वाहनाला आहे. खारेगावचे फाटक होते तेव्हा ते पडता पडता खालून स्कूटर काढणारे आम्ही ठाणेकर! तिथे गाडी मिळाली असती, तर पहिल्या दिवशीच दंड भरून बसलो असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कारण आपल्याला वाटते, जपानमध्येही डावीकडूनच चालवतात, मग शिकायचे काय? पण ‘लेफ्ट फ्री’ हा जो आपण जन्मसिद्ध हक्क धरून चाललो आहोत, तो तिथे नाही. लाल दिवा म्हणजे डावीकडे वळणाऱ्यालाही लाल. थांबण्याची पाटी अष्टकोनी नसून उलटा लाल त्रिकोण असते. दारूचा आकडा तर आपला आणि त्यांचा जवळपास एकच आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. फरक इतकाच, की तिथे चालकाबरोबर त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि जाणूनबुजून शेजारी बसलेला अशा सगळ्यांनाच शिक्षा होऊ शकते.

अमेरिकेतले नियम तर राज्यागणिक बदलतात. मुलाने फोनवर माझी उजळणी घेतली. लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते, पण न्यूयॉर्क शहरात नाही. शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे. आणि पोलिसाने अडवले तर गाडीतच बसून राहायचे, हात स्टिअरिंगवर. “आई, तिकडच्यासारखी उतरून साहेबाकडे जाऊ नकोस हं,” हे त्याने तीनदा बजावले. आपल्याकडे कागद घेऊन हवालदारापाशी चालत जाणे ही नम्रता समजतात. तिथे त्याचा अर्थ भलताच होतो.

शेजारच्या जोडप्याची गोष्ट याहून मजेची. फ्लॉरेन्सला चार दिवस गाडी फिरवून आले, अल्बम झाला, फराळ झाला, आणि साताठ महिन्यांनी दंडाची नोटीस आली. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, नाक्यावर कॅमेरे असतात. हॉटेल शोधताना हे दोघे त्या भागात दोनदा शिरले होते. परदेशी चालकाला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे ‘काही झाले नाही’ असे लगेच समजू नये. गाडी भाड्याने देणाऱ्याने माहिती पुरवल्याचे पैसेही कापून घेतले, ते निराळेच.

शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलांचा नियम पर्यटकांहून वेगळा असतो, हेही लेखात हवे होते. ब्रिटनमध्ये आपल्या लायसन्सवर १२ महिने चालवता येते, जर्मनीत राहायला गेल्यापासून ६ महिने. पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते. दुबईत रहिवासी व्हिसा लागला, की आपले परमिट खिशात असून नसल्यासारखे.

माझी विनंती छोटी आहे. पुरवणीतले ते वाक्य दुरुस्त करून छापावे आणि त्याखाली सारथीचा पत्ता, नमुना ४ए आणि एक वर्षाची मुदत एवढे तीन शब्द ठळक टाकावेत. दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणे लोक आत्ताच करताहेत. आमचे ते सोनेरी कार्ड, पैसे भरल्याची पावती आणि संकेतस्थळाशी झालेला पत्रव्यवहार मी जपून ठेवला आहे. आपल्या वार्ताहराला पाहायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नौपाडा, ठाणे (प.)