बंदर एकच, इंग्रजी शब्द दोन

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला तेव्हा मी देवगडच्या धक्क्यावरच होतो, म्हटलं फोनवर नको, नीट लिहूनच कळवूया. तू म्हणतोस पोर्ट काय नि हार्बर काय, डिक्शनरीत दोन्हीला बंदरच दिलंय, मग अनुवादात बंदर लिहिलं तर काय बिघडलं? बिघडतं रे.

इकडे वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बघताबघता बंदर बोटींनी भरून जातं, आपल्याच नाही तर पार गुजरातच्यासुद्धा. त्यातल्या कुणाला माल उतरवायचा नसतो, मासळी विकायची नसते, नुसतं वारा पडेपर्यंत थांबायचं असतं. किल्ल्याचा डोंगर आड आहे म्हणून बाहेर दर्या खवळला तरी आत नांगर टाकून माणसाला झोप लागते. हे हार्बर. शब्दाचं मूळच मुळी जुन्या इंग्रजीत सैन्याच्या मुक्कामाची, आसऱ्याची जागा असं आहे, पाण्याचा संबंध नंतर आला. म्हणून तर आरोपीला घरात लपवलं तर कायद्यात त्याला हार्बरिंग म्हणतात आणि मनात राग धरून ठेवला तरी इंग्रजीत तो हार्बरच केला म्हणतात. पोर्ट असा वापरून बघ, जमतच नाही.

पोर्ट म्हणजे व्यवहार. क्रेन, गोदाम, कस्टम, माल चढला उतरला. विमानतळाला एअरपोर्ट म्हणतात ते त्यामुळेच, तिथे कोणी आसऱ्याला जात नाही.

मुंबईचंच बघ ना. मुंबई आणि उरणच्या मधलं सगळं पाणी ते मुंबई हार्बर, आणि त्या एका हार्बरात पोर्टं दोन, अलीकडे मुंबई पोर्ट नि पलीकडे १९८९ साली सुरू झालेलं न्हावा शेवा. तू इतकी वर्षं हार्बर लाइनने गेलास, ती लाइन त्याच पाण्याच्या नावाची.

आणि हो, जहाजाची डावी बाजू पण पोर्टच. आधी लारबोर्ड म्हणायचे पण ते स्टारबोर्डसारखं, म्हणजे उजव्या बाजूच्या नावासारखं ऐकू यायचं, वाऱ्यात ओरडून सांगताना घोळ व्हायचा, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये तो शब्दच बंद केला. तुझ्या गोष्टीत तांडेल ओरडतो तिथे हे लक्षात ठेव.

आता तुझं ते वाक्य, वादळात होडी हार्बर गाठते ते. तिथे नुसतं "बंदरात आली" नको लिहूस, "आसऱ्याला आली" लिही. इथले लोक तसंच बोलतात. पुढचं प्रकरण झालं की पाठव.

तुझाच